दवाखान्यातली दुसरी वही

१

सोमवारी सकाळी साडेसात वाजता कापड कारखान्याच्या नर्सने दवाखान्यातलं कपाट उघडलं. कुलूप शाबूत होतं. मलमं, पट्ट्या, कापूस सगळं जिथल्या तिथे होतं. खालच्या कप्प्यातली करड्या पुठ्ठ्याची तक्रार-वही मात्र नव्हती.

नर्सला सगळे सिस्टर म्हणत. एरवी ती नऊला यायची. त्या दिवशी लवकर आली, कारण कारखान्याचं कापड विकत घेणाऱ्या कंपनीची तपासनीस अकरा वाजता येणार होती आणि सिस्टरला तिला त्या वहीतल्या एकेचाळीस नोंदी दाखवायच्या होत्या. आठ महिन्यांत धुलाई खात्यातल्या माणसांनी केलेल्या एकेचाळीस तक्रारी. हाताची साल निघते, आग होते, मूठ मिटत नाही. हा आकडा सिस्टरनेच कामगार समितीला सांगितला होता. समितीने खरेदीदाराला पत्र लिहिलं, म्हणून ही तपासणी.

तिने दीड तास शोधाशोध केली. नऊला प्रशासन अधिकारी आले, त्यांना सांगितलं. साडेनऊला दोघं व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेले. कपाटाला कुलूप होतं, दवाखान्याचं दार नुसतं लोटलेलं.

सव्वादहाला दोघं परतले. प्रशासन अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हाताने कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात करड्या पुठ्ठ्याची वही होती.

त्यांनी पानं भराभर उलटली. त्यांचा चेहरा हळूहळू कडक होत गेला. सिस्टरने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी वही मागे घेतली. आता हा पुरावा आहे, तुम्ही हात लावायचा नाही, असं ते म्हणाले.

सिस्टर त्यांच्या हातातल्या वहीकडे पाहत राहिली.

“ही माझी वही नाही,” ती म्हणाली.

२

तपासनीस पन्नाशीची, बारीक अंगाची बाई होती. वाचताना ती ओळीखाली लाकडी फूटपट्टी धरायची आणि एक ओळ संपल्याशिवाय पट्टी खाली सरकू द्यायची नाही. कंपनीत तिच्यामागे तिला फूटपट्टी म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

व्यवस्थापकांनी तिचं स्वागत केलं. त्यांच्या मागच्या कपाटात काचेचा एक निळा थेंब उभा होता, पाणीबचतीचं पारितोषिक. ते शांतपणे बोलत होते. शुक्रवारी दुपारपासून ते बाहेरगावी होते आणि आज सकाळी सव्वानऊला थेट कारखान्यात आले होते. आल्या आल्या हे प्रकरण. वहीत धुलाई खात्याच्या हातांच्या तक्रारी तीन होत्या. एकेचाळीस नव्हे, तीन. म्हणजे बाईंनी समितीला खोटा आकडा सांगितला, कारखान्याची बदनामी केली, आणि आज तपासणी होणार म्हटल्यावर वही हरवल्याचं नाटक केलं. त्यांच्या टेबलावर बडतर्फीचं पत्र तयार होतं. पाच वाजता ते दिलं जाणार होतं.

कारण काय लिहिलंय, असं तपासनिसाने विचारलं. वैद्यकीय नोंदींबाबत अप्रामाणिकपणा, असं उत्तर आलं. अशा कारणाने काढलेल्या नर्सची नोंदणी राहत नाही, हे तिला माहीत होतं. सिस्टरची बावीस वर्षं त्या एका ओळीत संपणार होती. एकेचाळीस हातांच्या तक्रारीही तिथेच संपणार होत्या.

तिने पाच वाजेपर्यंत थांबायची परवानगी मागितली. व्यवस्थापक हसून म्हणाले, अवश्य, लपवण्यासारखं आमच्याकडे काही नाही. तिने पत्राची एक प्रत मागून घेतली आणि न वाचता फाइलमध्ये ठेवली.

मग ती दवाखान्यात आली. सिस्टर स्टुलावर ताठ बसली होती. आपल्याला ती वही एकदा उघडून पाहू द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

“नाही,” तपासनीस म्हणाली. “तुम्ही पाहिलीत तर नंतर म्हणतील, पाहून मग चुका काढल्या. त्यापेक्षा असं करा. तुमच्या वहीत नक्की असणार आणि दुसऱ्या कुणी लिहिली तर नसणार, अशी एक गोष्ट चिठ्ठीवर लिहा. पाकिटात घाला. चिकटवा.”

सिस्टरने क्षणभर विचार केला. तिने तीनच शब्द लिहिले. पाकीट चिकटवून दोघींनी त्यावर सही केली.

“तुम्ही वाचणार नाही?”

“वाचलं तर दिवसभर मला तेवढंच दिसेल. आणि तुम्ही खोटं बोलत असाल, तर तेही मला पाहायचंय.”

 या बाईचाही आपल्यावर विश्वास नाही, हे सिस्टरला तेव्हा कळलं.

३

प्रशासन अधिकारी घाम पुसत बोलत होते. आवाज चढा, उत्तरं तुटक. कपाटाच्या किल्ल्या दोन. एक सिस्टरकडे, दुसरी त्यांच्या केबिनमधल्या किल्ल्यांच्या फळीवर. फळीवरून किल्ली कोण घेतं? पाच-सहाजण घेतात, दवाखान्यातली औषधं सगळ्यांचीच, त्यात काय एवढं. शनिवारी सहा वाजता सिस्टरने वही कपाटात ठेवली, ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. रविवारी कारखाना बंद आणि फाटकाला टाळं. मग वही बदलली असेल तर शनिवारी सहानंतर किंवा सोमवारी सकाळी, तपासनीस म्हणाली. बदलली असेल तर, ते म्हणाले, आणि ‘तर’वर त्यांनी इतका जोर दिला की टेबलावरची टाचण्यांची डबी हलली.

जाताना कुणी वही बाहेर नेली असेल का? तेही शक्य नव्हतं. नमुन्याचं कापड चोरीला जाऊ लागल्यापासून फाटकावर प्रत्येकाची पिशवी आणि डबा उघडून पाहतात. व्यवस्थापकांचासुद्धा.

वहीत सह्यांऐवजी अंगठे का घेतात, असं तिने सहज विचारलं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी दुसऱ्याच्या नावाने सही केली आणि भांडण झालं. तेव्हापासून नियम आहे, शिकलेला असो की नसो, अंगठाच. ठशांचा विषय निघाल्यावर त्यांना भलतंच गाऱ्हाणं आठवलं. फाटकावरचं हजेरीचं यंत्र भंगार निघालं होतं. ऑफिसची बोटं ओळखतं, धुलाईची ओळखत नाही. त्यांनी वैतागून शाईनेही ठसे घेऊन पाहिले, तर कागदावर नुसते काळे डाग. शेवटी फोटो चिकटवून एकोणीस कार्डं काढून दिली. यंत्र पुरवणाऱ्याला चार पत्रं लिहिली, दाद नाही.

“यंत्र बरोबर असेल,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

 सकाळी फाटकातून आत येताना एक गोष्ट तिच्या नजरेत भरली होती. ऑफिसची माणसं बोट टेकवत होती आणि मागून आलेली माणसं कार्ड दाखवत होती. तेव्हा तिला वाटलं होतं, मानाचा फरक असेल.

उठताना तिने विचारलं, बडतर्फीचं पत्र कुणी टाइप केलं. मीच, ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

४

धुलाई खात्यात वाफ होती आणि फरशी ओली. खात्याचा मुकादम हाच कामगारांचा प्रतिनिधी. दोन्ही हात विजारीच्या खिशात घालून तो तिच्याशी बोलला आणि सबंध वेळ त्याने ते बाहेर काढले नाहीत. व्यवस्थापकांनी आधीच सुचवलं होतं की दुसरी वही खरंच असलीच तर ती मुकादमाने पळवली असावी, पेपरवाल्यांना द्यायला.

“एकेचाळीसमध्ये तुमच्या किती नोंदी?” तिने विचारलं.

“एकही नाही.”

“तुमचे हात चांगले आहेत?”

“प्रतिनिधीनं आपलंच रडगाणं गायचं नसतं, बाई. मग म्हणतात, याला स्वतःलाच काम नकोय.”

एवढं बोलून तो वळला. हात खिशातच. ती त्याच्या पाठीकडे पाहत राहिली.

खात्याच्या कोपऱ्यात हात धुण्याचे सहा नळ होते, दाबले की बारीक धार सोडणारे. त्यांच्याविषयी तिला पाणी आणि कचऱ्याची बचत पाहणाऱ्या हरित अधिकाऱ्याने सांगितलं. पस्तिशीचा, उत्साही, अदबशीर माणूस. दर वाक्यात थेंब थेंब करायचा, म्हणून त्याला सगळे थेंबसाहेब म्हणत आणि तोही हसून ओ द्यायचा. आठ महिन्यांपूर्वी त्याने या नळांना विहिरीच्या पाण्याऐवजी कापड विसळलेलं शेवटचं पाणी गाळून जोडलं होतं. दिवसाला अकरा हजार लिटर बचत. कारखान्याच्या खालच्या अंगाला तीन वस्त्या आहेत. त्यांच्या विहिरींना यंदा प्रथमच उन्हाळाभर पाणी राहिलं. हे सांगताना त्याचे डोळे खरोखरच चमकले. तो फुशारकी मारत नव्हता.

त्या पाण्यात क्षार उरतो का? किंचित, तो म्हणाला. मर्यादेत. बोलताना त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायलं. ती नळाकडे वळली, तेव्हा त्याने पटकन खिशातला रुमाल पुढे केला. हात ओले नका करू, फरशी निसरडी आहे, असं म्हणाला. त्या वाक्याला काही अर्थ नव्हता.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला कळत होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

कारखान्यातला प्रत्येक नळ मोजला जातो, त्याने अभिमानाने दाखवलं. नळाशेजारी तक्ता, तक्त्यावर रोजचा आकडा, वेळ आणि त्याची सही. कचऱ्याचंही तसंच. कागदाचा चिटोराही जाळायचा नाही, फेकायचा नाही. प्रत्येक खात्याची रद्दी तो स्वतः तोलतो, वजन लिहितो, गठ्ठा बांधतो. दर सोमवारी चारला ट्रक येतो आणि थेट लगद्याच्या गिरणीत जातो.

“आजही येणार?”

“चारला म्हणजे चारला,” तो म्हणाला.

तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

दवाखान्याच्या बाजूच्या खोलीत बसून तिने ती वही वाचायला घेतली. पट्टी एकेक ओळ खाली सरकत होती. अक्षर सुटं, वळणदार, सिस्टरसारखं. डोकेदुखी, पोटदुखी, सुई टोचली, कणकण. धुलाई खात्यातल्या माणसांच्या नोंदी भरपूर होत्या, पण त्यांची डोकीच दुखत होती, हात फक्त तिघांचे. प्रत्येक ओळीच्या शेवटी अंगठ्याचा ठसा. जांभळ्या शाईत, रेषा न् रेषा स्पष्ट.

सत्ताविसाव्या पानावर पट्टी थांबली. मग तिने मागची सगळी पानं पुन्हा पाहिली, या वेळी फक्त शेवटचा रकाना.

ती उठून दवाखान्यात गेली. हात धुण्याच्या बेसिनशेजारी पाण्याचा तक्ता टांगलेला होता. वेळेच्या रकान्यात गेल्या महिन्याभरात रोज एकच आकडा, सात पन्नास. आजच्या ओळीत नऊ चाळीस.

सिस्टर तिच्याकडे पाहत होती. काही सापडलं का, असं तिने विचारलं नाही. दिवसभर संशय झेललेल्या माणसाला तो प्रश्न परवडत नाही.

तपासनीस झपाझप मागच्या आवारात गेली. रद्दीच्या वजनाची वही काट्याशेजारी दोरीने बांधलेली होती. दवाखान्याच्या ओळी तिने पट्टीखाली धरल्या. तीनशे ग्रॅम. अडीचशे. तीनशे दहा. आणि आज, एक किलो नऊशे.

फाटकावर भोंगा वाजला. ट्रक आला होता, दहा मिनिटं आधीच.

६

गठ्ठे वर चढायच्या आत तिने ट्रकचा मागचा फाळका स्वतः धरून ठेवला आणि सगळ्यांना आवारात बोलावलं. व्यवस्थापक नाराज होते. एका वहीसाठी ट्रक अडवायचा, असं ते म्हणाले.

तिने शाईचं पॅड आणि कोरा कागद काट्यावर ठेवला. प्रशासन अधिकाऱ्यांना अंगठा उठवायला सांगितला. लख्ख उठला. मग ती मुकादमाकडे वळली.

“आता काढा हात,” ती म्हणाली. “रडगाणं मी गाते.”

त्याने हात बाहेर काढले. तळवे गुलाबी, भाजल्यासारखे, बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत. त्याने अंगठा कागदावर दाबला. एक जांभळा डाग उमटला. एकही रेषा नाही.

तिने खोटी वही उघडली आणि धुलाई खात्याच्या ओळी एकेक करून दाखवल्या. या माणसांचे ठसे यंत्राला कळत नाहीत, शाईला कळत नाहीत, आणि या वहीत मात्र छापल्यासारखे आलेत. ही वही सिस्टरने लिहिली नाही, कारण ती रोज या हातांना मलम लावते. मुकादमाने लिहिली नाही, त्याचा अंगठा तुम्ही पाहिलात. प्रशासन अधिकाऱ्यांनी लिहिली नाही. त्यांनी शाईचे डाग पाहून एकोणीस कार्डं काढली, त्यांच्याकडून ही चूक होणार नाही. कारण काय असेल, हे त्यांनी कधी स्वतःला विचारलं नाही, ती गोष्ट वेगळी. व्यवस्थापक शनिवारी इथे नव्हते, आणि सकाळी नऊ चाळीसला ते या दोघांसमोर बसले होते.

“ज्यानं हे हात कधी पाहिलेच नाहीत,” ती म्हणाली, “त्यानं ही वही लिहिली. रोज सात पन्नासला तो दवाखान्याच्या नळाचा आकडा घेतो. शनिवारी सहानंतर फळीवरची किल्ली घेऊन त्यानं खरी वही काढली, रविवारी घरी खोटी लिहून पुरी केली, आणि आज सात पन्नासलाच ती ठेवणार होता. पण आज सिस्टर आधीच येऊन बसल्या. मग दोघं केबिनमध्ये गेल्यावर, नऊ चाळीसला.”

थेंबसाहेबाने बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

“वेळ मीच लिहिली,” तो हळूच म्हणाला.

“आणि वजनही. एक किलो नऊशे. खोटी वही लिहिलीत, पण खोटं वजन लिहिता आलं नाही तुम्हाला.”

तो वाकला आणि तिसऱ्या गठ्ठ्याची दोरी त्याने स्वतःच सोडली. औषधांच्या खोक्यांच्या मध्ये करडा पुठ्ठा होता.

तपासनिसाने वही सिस्टरच्या हातात दिली नाही. आधी पाकीट फोडलं, चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी धरली. मग वहीचं एक पान उघडलं, दुसरं, तिसरं. शेवटच्या रकान्यात जिथे जिथे जांभळा डाग होता, तिथे तिथे शेजारी सिस्टरच्या सुट्या अक्षरात तेच तीन शब्द होते, चिठ्ठीवरचे.

ठसा उठत नाही.

एकेचाळीस वेळा.

७

व्यवस्थापकांनी सावरायला फार वेळ घेतला नाही. दुर्दैवी प्रकार, ते म्हणाले. एका अधिकाऱ्याने अतिउत्साहात केलेली चूक. बडतर्फीचं पत्र लगेच बदलून त्याच्या नावाने देण्यात येईल. सिस्टरची ते मनापासून माफी मागतात.

थेंबसाहेब खाली पाहत होता. वस्त्यांच्या विहिरींना पाणी आहे, एवढंच तो पुटपुटला.

“आहे,” तपासनीस म्हणाली. “ते खोटं नाही. पण ते कुणाच्या कातडीवरून वाचलं, तो रकाना तुमच्या तक्त्यात नव्हता. विहिरीचं पाणी हातांना द्या आणि बचत दुसरीकडे शोधा. तुम्हाला जमेल ते.”

मग तिने फाइलमधून बडतर्फीच्या पत्राची प्रत काढली आणि पहिल्याच ओळीखाली पट्टी धरली.

“पत्रावर शनिवारची तारीख आहे,” ती व्यवस्थापकांना म्हणाली. “वही आज सापडली. त्यात तीनच तक्रारी आहेत, हे तुम्हाला शनिवारी कसं कळलं?”

ट्रकचं इंजिन चालू होतं. ड्रायव्हरने ते बंद केलं.

सगळ्यांआधी प्रशासन अधिकारी बोलले. शनिवारी दुपारी साहेबांचा फोन आला होता, पत्र तयार ठेवा म्हणून. त्यांना वाटलं, चौकशी वर झाली असेल. त्यांनी विचारलं नाही. मग थेंबसाहेबानेही सांगितलं, त्यालाही फोन आला होता, बुधवारी. साहेबांनी चोरी कर म्हटलं नव्हतं, खोटं लिही म्हटलं नव्हतं. तपासणीच्या आत वही दुरुस्त व्हायला हवी, एवढंच म्हटलं होतं.

“दुरुस्त,” तपासनिसाने तो शब्द पुन्हा उच्चारला आणि टिपून घेतला.

दुरुस्त म्हणजे नीटनेटकी, व्यवस्थापक म्हणाले. शब्दाचा कुणी काय अर्थ घेतला, त्याला ते जबाबदार नाहीत. त्यांनी दोन्ही हात झटकल्यासारखे केले. ते हात स्वच्छ होते, मऊ होते, आणि आवारातल्या प्रत्येकाने ते पाहिले.

तिने वाद घातला नाही. खरेदीदार कंपनी नवं काम देईल ते तिच्या सहीनंतर, आणि सही होईल ती नळ विहिरीला जोडल्यावर, एकेचाळीस नोंदींवरचे उपचार कारखान्याने सुरू केल्यावर आणि या दोन फोनची चौकशी बाहेरच्या माणसाने केल्यावर. एक खुलासा तिने आपणहून केला. आमच्या कंपनीने दोन वर्षं तुमच्याकडे पाणीबचतीचे आकडे मागितले आणि हातांबद्दल एकदाही विचारलं नाही. तेही अहवालात येईल.

पाच वाजायला दहा मिनिटं होती. सिस्टर वही घेऊन दवाखान्यात गेली आणि स्टुलावर बसली. दारात मुकादम उभा होता. आत यावं की न यावं, असा.

“या की,” ती म्हणाली. “आठ महिने टाळलंत.”

तिने तारीख घातली, त्याचा बिल्ला क्रमांक लिहिला, तक्रार लिहिली. शाईचं पॅड पुढे सरकवलं. साक्षीला कोण, असं तिने विचारलं, तेव्हा तपासनीस व्यवस्थापकांना घेऊन आली आणि त्यांना टेबलाशी उभं केलं.

मुकादमाने अंगठा दाबला, उचलला, स्वतःच निरखून पाहिला.

“पुन्हा एकदा घेऊ का, सिस्टर? कदाचित येईल.”

त्याने पुन्हा दाबला. सिस्टर थांबली. मग तिने पेन उचललं आणि डागाशेजारी, नेहमीच्या सुट्या अक्षरात, बेचाळिसाव्यांदा लिहिलं.

तपासनिसाने ओळीखाली पट्टी धरली आणि पेन व्यवस्थापकांच्या हातात दिलं.